साखळीवरचा आळ

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग कंटाळा. पण गेल्या उन्हाळ्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती आज लिहूनच टाकतो. गोष्ट दोन गाड्यांची आहे. एक वेल्समधली, एक आमच्या सांगलीची. पहिलीबद्दल लिहायला सोपं आहे, कारण ती इतिहासजमा आहे. दुसरीबद्दल लिहिताना हात अडखळतो. म्हणून पहिलीपासून सुरुवात करतो. इतिहासाचा मास्तर, दुसरं काय करणार!

माझी नात कार्डिफला शिकायला आहे. सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर पेंडाइन नावाच्या गावी गेली होती, समुद्रकिनाऱ्यावर. तिथल्या संग्रहालयातला एका गाडीचा फोटो तिने मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "आजोबा, ही गाडी बेचाळीस वर्षं वाळूत पुरलेली होती!" झालं. मग मी त्या गाडीच्या मागेच लागलो. मिळेल ते वाचलं, नातीकडून मागवून घेतलं.

गाडीचं नाव बॅब्स. पण जन्माला आली तेव्हा तिचं नाव निराळं होतं, हायम स्पेशल. काउंट लुई झ्बोरोव्स्की नावाचा एक तरुण श्रीमंत होता, इंग्लंडात कँटरबरीजवळ हायम पार्क या मोठ्या वाड्यात राहायचा. त्याला अजस्र गाड्या बांधायचा नाद. पहिल्या महायुद्धातली विमानांची इंजिनं तेव्हा विक्रीला येत. त्यातलं लिबर्टी नावाचं बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं इंजिन त्याने गाडीत बसवलं. आपल्याकडच्या साध्या मोटारीचं इंजिन एक-सव्वा लिटरचं असतं, त्यावरून अंदाज करा. एवढी ताकद मागच्या चाकांना पोचवायला गिअरबॉक्सपासून दोन बाजूंना दोन साखळ्या होत्या. सायकलची साखळी डोळ्यापुढे आणा आणि ती राक्षसाच्या मापाची करा. लहान मुलांच्या 'चिटी चिटी बँग बँग' या गोष्टीतलं नाव आलं ते याच काउंटच्या गाड्यांवरून. काउंटच्या वडिलांचा मृत्यू १९०३ साली मोटारीच्या शर्यतीत झाला होता. मुलगाही १९२४ च्या ऑक्टोबरात इटलीत मोंझा इथे शर्यतीतच गेला. हायम स्पेशल अर्धवटच राहिली.

ती विकत घेतली जॉन पॅरी-थॉमस याने, १२५ पौंडांना. हा माणूस मला फार आवडला. जन्म वेल्समधल्या रेक्सम इथला, वडील पाद्री. मोठ्या मोटार कंपनीत मुख्य इंजिनिअर होता. ती नोकरी सोडून इंग्लंडातल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गापाशी राहायला गेला आणि गाड्या बांधून स्वतःच पळवू लागला. मोडकी-अर्धवट गाडी घ्यायची, खोलायची, स्वतःच्या डोक्याने पिस्टन घडवायचे, कार्ब्युरेटर बदलायचे आणि तिला पुन्हा उभं करायचं. बॅब्स हे नाव त्यानेच दिलं.

पेंडाइनला सात मैलांचा सपाट किनारा आहे. ओहोटीला वाळू घट्ट होते आणि रस्त्यासारखा पट्टा उघडा पडतो. जमिनीवरच्या वेगाचे विक्रम तेव्हा तिथे होत. १९२६ च्या मार्चमध्ये हेन्री सेग्रेव्हने साउथपोर्टला ताशी १५२ मैलांचा विक्रम केला होता. एप्रिलच्या २८ तारखेला पेंडाइनला थॉमसने बॅब्स ताशी १७१ मैलांवर नेली. म्हणजे ताशी २७५ किलोमीटर! सेकंडहँड, अर्धवट, सव्वाशे पौंडांची गाडी!

१९२७ च्या फेब्रुवारीत माल्कम कँबेलने त्याच किनाऱ्यावर, त्याच्या 'ब्लूबर्ड'मधून, १७४ मैलांच्या वर जाऊन तो विक्रम मोडला. थॉमस तो परत मिळवायला ३ मार्च १९२७ ला बॅब्स घेऊन वाळूत उतरला. भरधाव वेगात गाडी उलटली आणि थॉमस जागीच गेला. आणि नियती बघा, त्याच महिन्याच्या २९ तारखेला सेग्रेव्हने अमेरिकेत डेटोनाला २०० मैलांचा आकडा ओलांडला. म्हणजे थॉमसने त्या दिवशी विक्रम केला असता तरी तो महिनाभर टिकण्याची शक्यता फारशी नव्हती.

थॉमसला ब्रुकलँड्सजवळ बायफ्लीटच्या चर्चमध्ये पुरलं. आणि बॅब्सला तिथेच, पेंडाइनच्या वाळूत. मोठा खड्डा खणला, गाडी त्यात ढकलली, वर वाळू लोटली. पुढे तो भाग लष्कराच्या हद्दीत गेला.

आता साखळीकडे येतो. अपघात का झाला, याचं उत्तर लोकांनी लगेच देऊन टाकलं होतं. उजव्या बाजूची साखळी तुटली, तिने थॉमसचा घात केला. पुढची कित्येक वर्षं हेच सांगितलं गेलं. गोष्ट म्हणून चोख आहे हो. भयंकर आहे, एका वाक्यात सांगता येते आणि दोष कोणाचा ते ठरवून मोकळं होता येतं.

१९६९ साली बँगोरच्या टेक्निकल कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या ओवेन विन ओवेन या शिक्षकाने (वाचताना मला उगाच अभिमान वाटला) परवानगी मिळवून गाडी उकरून काढली. बेचाळीस वर्षं खाऱ्या वाळूत राहिलेलं लोखंड! तो गंजाचा ढिगारा त्याने नेला आणि पुढची पंधराएक वर्षं तिच्यावर काम केलं. भाग जमवले, नाही मिळाले ते घडवले. बॅब्स पुन्हा सुरू झाली. आज ती लोकांना बघायला मिळते, वर्षाचे काही महिने पेंडाइनला, एरवी ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात.

पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही. गाडी वर आली, लोकांनी ती नीट पाहिली, तेव्हा साखळीच्या गोष्टीला तडे गेले. बिघाड मागच्या चाकात आधी झाला असावा आणि साखळी त्यानंतर तुटली असावी, असं मत पुढे आलं. जिच्यावर चार दशकं आळ होता ती कदाचित शेवटी तुटलेली वस्तू होती, पहिली नव्हे.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. कारण सांगतो.

आमच्या दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे, एक स्टँडर्ड हेराल्ड होती. तरुण वाचकांना नाव ठाऊक नसेल. एक काळ असा होता की आपल्याकडे मोटार म्हणजे अँबेसेडर, फियाट नाहीतर स्टँडर्ड. हेराल्ड मूळची इंग्लंडची, तिथे ती १९५९ साली आली. तिचा आकार मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाने काढलेला. मद्रासला ती १९६१ पासून बनू लागली. मागे एकच आडवा पाटा, आणि बॉनेट उघडायचं तर मडगार्डसकट अख्खं तोंडच पुढे उलटायचं! मिस्त्री चाकावर बसून इंजिनचं काम करायचा. याच हेराल्डची चासी आखूड करून तिकडे स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार निघाली. दादाने हे कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून तो आमच्या दोन दारांच्या, मळक्या पांढऱ्या गाडीला 'माझी स्पोर्ट्स कार' म्हणायचा. बँकेतला हेडकॅशियर, डोक्याला टोपी, आणि स्पोर्ट्स कार!

१९७६ ला त्याने ती जुनी घेतली, १९९४ पर्यंत वापरली. नंतर ती सांगलीच्या गावभागातल्या घराच्या अंगणात पत्र्याखाली उभी राहिली. २००८ ला दादा गेला. २०१२ साली पुतण्या म्हणाला, "काका, गाडी करूया का?" मी रिटायर झालेला, वेळच वेळ. तीन वर्षं लागली. मी मिरजेहून दर रविवारी जायचो. पुण्याला नाना पेठेत जुन्या पार्टांच्या दुकानांतून हिंडलो. पत्रा कुजला होता तिथे नवा जोडला, वायरिंग सगळं नवं, सीटा, बीडिंग, रंग. खर्चाची वही माझ्या अक्षरात आहे. त्या तीन वर्षांत पुतण्याशी जेवढं बोललो तेवढं त्याच्या लहानपणीही बोललो नव्हतो. २०१५ च्या दसऱ्याला वहिनींना पुढे बसवून औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला गेलो. वहिनी सगळ्या वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. परत आल्यावर फक्त म्हणाल्या, "हॉर्न तोच आहे."

२००५ चा पूर दादाने पाहिला होता. पाणी उतरल्यावर त्याने अंगणातल्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने रेघ मारून ठेवली होती, 'इथपर्यंत.' दोन फूट. गाडी तयार झाल्यावर आम्ही तिच्यासाठी अडीच फुटांचं जोतं बांधलं, वर चढायला उतार केला. म्हटलं, आता कृष्णामाई काही करणार नाही.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी पाणी चढायला लागलं तेव्हा पुतण्याचा फोन आला. "काका, गाडी विश्रामबागला मित्राकडे नेऊन ठेवू का?" मी त्याला काय सांगितलं ते अक्षरशः लक्षात आहे. "अरे, दादाची रेघ आहे ना! त्याच्या वर अर्धा फूट आहे आपण. आधी आईला आणि सामान हलव."

२००५ ला पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं. रेघ पाण्याखाली, जोतं पाण्याखाली, गाडी काचांपर्यंत पाण्याखाली. कितीतरी दिवस.

मला तेव्हा लगेच जाता आलं नाही. दिवाळीत गेलो तर जोतं रिकामं. पुतण्याने गाडी भंगारात दिली होती. मला न विचारता. मी तिथल्या तिथे त्याला नको ते बोललो. "बापाची गाडी वजनावर विकलीस," असं म्हणालो. तो काही बोलला नाही. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे तब्येत आणि पाऊस. इतकी वर्षं मी मनात एकच वाक्य धरून बसलो, की गाडी पुतण्याने घालवली.

मंडळी, साखळी शेवटी तुटली होती. चाक आधीच निखळलं होतं, आणि ते माझ्या फोनवरच्या एका वाक्याने. चौतीस वर्षं इतिहास शिकवला. मुलांना सांगायचो की मागे एकदा घडलं म्हणजे तेवढंच घडतं असं नाही. आणि स्वतः मात्र एका पुराची रेघ शेवटची समजून बसलो. पुतण्या गाडी न्यायला निघाला होता. मीच थांबवलं. आणि त्याने हे आजवर कधी, एकदाही, मला ऐकवलं नाही. त्या दिवाळीत उत्तर द्यायला त्याच्यापाशी हे एक वाक्य तयार होतं, तरी तो गप्प बसला.

नंतर सुनेकडून कळलं. पाणी उतरल्यावर तो चार दिवस एकटाच गाडीतला गाळ काढत होता. दार उघडलं की गढूळ पाणी यायचं. रोज सकाळी वहिनी गॅलरीत येऊन ते बघत बसायच्या आणि जेवायच्या नाहीत. म्हणून त्याने टेंपो बोलावला. पेंडाइनच्या लोकांनी बॅब्स वाळूत का लोटली असेल, ते मला यावरून कळतं. टाकून द्यायचं म्हणून नव्हे, डोळ्यापुढे नको म्हणून. आमच्या अंगणात पुरायला वाळू नव्हती एवढंच.

वाळूतली गाडी उकरता येते, भंगारातली नाही. ते दुःख आहे आणि ते राहणार. ओवेनसारखं मला पंधरा वर्षं काम करायला आता आयुष्यही उरलेलं नाही. पण निदान आळ तरी ज्याचा त्याला द्यावा.

हा ब्लॉग पुतण्या वाचतो, मला माहीत आहे. प्रतिक्रिया देत नाही, पण वाचतो. तर बाबा रे, चूक माझी होती. फोनवर हे बोलायला जमलं नसतं, म्हणून चार लोकांसमोर लिहिलं. खर्चाची वही माझ्याकडे आहे, तिची शेवटची दोन पानं कोरी आहेत. त्या फोनची तारीख आणि माझं वाक्य मी तिथे लिहून ठेवलंय. येत्या रविवारी वही घेऊन सांगलीला येतोय. वहिनींना सांग, जेवायला आहे.

असो. डोळा दुखायला लागला. थांबतो.