मध्यफळीतला कष्टकरी : एन्गोलो कांतेची उमेदवारीची वर्षे

खेळाचा इतिहास बहुधा गुणफलकावरून लिहिला जातो. गोल कोणी केला आणि केव्हा केला, याची नोंद राहते. त्या गोलापूर्वी प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू कोणी काढून घेतला, ही हकीकत वर्तमानपत्राच्या रकान्यात क्वचितच उतरते. कीर्तनात बुवांचे नाव सर्वतोमुखी होते. रात्रभर लय सांभाळणाऱ्या मृदंगियाचे नाव विचारणारा एखादाच निघतो. फुटबॉलच्या मध्यफळीतील खेळाडूचे स्थान काहीसे या मृदंगियासारखे आहे. आघाडीस चेंडू पुरवावयाचा आणि चेंडू हातचा गेला की बचावासाठी मागे धावावयाचे, हे त्याचे काम. या कामातूनच कीर्ती मिळविलेला फ्रान्सचा एन्गोलो कांते २०१६ साली जगास ठाऊक झाला. परंतु तो तेथवर पोहोचला कसा, हे जाणण्यासाठी त्यापूर्वीची वर्षे पाहिली पाहिजेत.

कांतेचा जन्म २९ मार्च १९९१ रोजी पॅरिस येथे झाला. त्याचे आईवडील पश्चिम आफ्रिकेतील माली देशातून फ्रान्समध्ये येऊन राहिलेले. पॅरिसच्या पश्चिमेकडील र्युएल-मालमेझों या उपनगरात त्याचे बालपण गेले. तो अकरा वर्षांचा असता त्याचे पितृछत्र हरपले. शेजारच्या सुरेन गावातील क्लबात तो बालवयातच दाखल झाला होता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत तो तेथेच खेळला. सुरेनचा क्लब हौशी खेळाडूंचा. तेथे ना मानधन, ना कीर्तीची आशा.

एकोणीस वर्षे हे वय फुटबॉलच्या जगात उशिराचे समजले जाते, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे. फ्रान्समध्ये होतकरू मुलांची निवड फार लवकर होते. क्लेरफोंतेन येथील राष्ट्रीय केंद्र १९८८ पासून पॅरिस परिसरातील तेरा वर्षांच्या आसपासची मुले निवडून घेत आले आहे, आणि तिएरी आंरी, किलियान एम्बापे यांसारखे खेळाडू तेथूनच पुढे आले. मोठमोठ्या क्लबांच्या प्रशिक्षणकेंद्रांचीही रीत तीच. या चाळणीतून कांते खाली पडला. तो अंगाने लहान होता. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याची उंची साडेपाच फुटांच्या पुढे गेली नाही. तेराव्या वर्षी ज्याचे शरीर लवकर भरते तो मुलगा परीक्षकाच्या नजरेत भरतो. परंतु ती वाढ आजची असते, उद्याची नव्हे. शिवाय न थकता धावणे आणि चेंडू पुढे कोठे पडणार हे आधीच ओळखणे, हे गुण एका दिवसाच्या चाचणीत दिसणारे नव्हेत. ते मोसमामागून मोसम पाहणाऱ्यासच दिसतात.

२०१० साली उत्तर समुद्रकिनाऱ्यावरील बूलोन शहराच्या क्लबाने त्यास आपल्या राखीव संघात घेतले. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. खेळावर चरितार्थ चालेल याची शाश्वती नसल्याने कांतेने खेळाबरोबर हिशेबशास्त्राचा अभ्यास करून त्याची पदविका मिळविली. मुख्य संघात त्याचा प्रवेश झाला तो १८ मे २०१२ रोजी, मोनाकोविरुद्ध, मोसमाच्या अखेरच्या सामन्यात, तोही शेवटच्या काही मिनिटांपुरता बदली खेळाडू म्हणून. त्याच मोसमाअखेर बूलोन दुसऱ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत उतरले. क्लबाची ही हानी कांतेच्या पथ्यावर पडली. खालच्या श्रेणीत त्यास जागा मिळाली आणि २०१२-१३ च्या मोसमात तो लीगचे ३७ सामने खेळला.

यापुढे तो एकेक पायरी चढत गेला. २०१३ साली तो नॉर्मंडीतील काँ या संघात गेला. दुसऱ्या श्रेणीतील सर्व ३८ सामने तो खेळला, संघ तिसरा आला आणि पहिल्या श्रेणीत चढला. पुढील वर्षी पहिल्या श्रेणीतही त्याने ३७ सामने खेळून आपली योग्यता सिद्ध केली. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर सिटीने सुमारे ५६ लाख पौंड देऊन त्यास घेतले. हा संघ आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत जाता जाता वाचला होता. तो विजेता ठरेल, यावर सट्टेबाजांचा भाव एकास पाच हजार होता. तरीही मे २०१६ मध्ये, १८८४ साली स्थापन झालेल्या या क्लबाने पहिल्या श्रेणीचे आपले पहिले विजेतेपद मिळविले. त्या मोसमात कांतेच्या नावावर गोल अवघा एक होता. मात्र प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू हिरावण्याच्या १७५ कृती आणि वाटेतच चेंडू अडविण्याच्या दीडशेहून अधिक कृती नोंदल्या गेल्या. या दोन्ही बाबतींत इंग्लंडच्या त्या लीगमध्ये त्याच्या पुढे कोणी नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये तो फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून खेळला, आणि आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी रशियाविरुद्ध त्याने गोल केला.

अशा खेळाडूचे मोल तो संघ सोडून जातो तेव्हा अधिक कळते. २०१६ च्या उन्हाळ्यात तो चेल्सीकडे गेला. आदल्या वर्षी दहावा आलेला चेल्सी पुढच्याच मोसमात विजेता झाला आणि लेस्टर बाराव्या स्थानी घसरले. चेल्सीस नवा प्रशिक्षक लाभला होता, इतरही कारणे होती, म्हणून सारे श्रेय एका माणसास देणे न्यायाचे होणार नाही. तथापि गुणफलकावर न दिसणाऱ्या कामास वजन असते, एवढे तरी या दोन मोसमांनी दाखविले.

कष्टाचे फळ मिळतेच, असे तात्पर्य या चरित्रातून काढणे सोपे आहे. पण ते पुरते खरे नव्हे. कष्ट करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतील बहुतेक सुरेनसारख्या मैदानावरच राहून जातात. कांतेस कष्टांच्या जोडीला एक सोपान मिळाला. नाकारलेल्या मुलास दहा वर्षे खेळू देणारा छोटा क्लब आणि हौशी खेळापासून पहिल्या श्रेणीपर्यंत कोठेही बंद न झालेली वाट, हे त्या सोपानाचे दोन आधार होत. तेराव्या वर्षी चुकलेला निर्णय चोविसाव्या वर्षी दुरुस्त होऊ शकला, तो ही वाट मोकळी होती म्हणून. मुले निवडण्याचे काम ज्यांच्याकडे आहे, मग ते क्रीडांगणावर असो, शाळेत असो वा गायनवर्गात, त्यांनी निवड अवश्य करावी. परंतु ज्यास आज नाकारले त्याच्यासाठी दार लावून घेऊ नये.