साधनांची शर्यत आणि विभागांचा जन्म

व्यावहारिक पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धेत प्रथमच नाव नोंदवणाऱ्या नेमबाजाला, एकही गोळी झाडण्यापूर्वी, आपण कोणत्या विभागात उतरणार हे लिहून द्यावे लागते. शस्त्राची बनावट, त्यावर बसवलेली साधने, मॅगझिनमध्ये भरावयाच्या काडतुसांची संख्या आणि काडतुसाची शक्ती यांवरून स्पर्धकांचे जे गट पाडले जातात, त्यांना या खेळात डिव्हिजन, म्हणजेच विभाग, म्हणतात. ओपन, स्टँडर्ड, प्रॉडक्शन, क्लासिक, रिव्हॉल्वर ही नावे नवख्याला एखाद्या समितीने कागदावर आखलेल्या वर्गवारीसारखी वाटतात. परंतु यांतील बहुतेक विभागांच्या मागे एखादा तांत्रिक शोध आणि त्यावरून पेटलेला वाद उभा आहे, आणि तो वाद समजून घेतला म्हणजे निवडीचा प्रश्नही पुष्कळसा उलगडतो.

या खेळाच्या आरंभी विभाग नव्हतेच. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील बिग बेअर लेक या डोंगराळ गावी जेफ कूपर यांनी ज्या चढाओढी भरवल्या, त्यांत कमरेच्या म्यानातून, म्हणजे होल्स्टरमधून, पिस्तूल काढून थोड्या अंतरावरचे लक्ष्य कोण लवकर टिपतो एवढेच पाहिले जात असे. राही सरनोबत यांच्यासारख्या खेळाडूंमुळे मराठी वाचकाला परिचित झालेल्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात नेमबाज एका जागी उभा राहून, एका हाताने, ठरलेल्या लक्ष्यांवर नेम धरतो. बिग बेअरच्या मैदानात मात्र प्रसंग सतत बदलत असे आणि शस्त्र कसे धरावे यावर कोणतेही बंधन नव्हते. या मोकळिकीचे फळ लगेच दिसले. इतर स्पर्धक कमरेपाशीच पिस्तूल रोखून घाईने गोळ्या झाडत असताना लॉस एंजेलिस परगण्यातील जॅक वीव्हर या शेरीफ-खात्याच्या अधिकाऱ्याने पिस्तूल दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरून नेम घेण्यास सुरुवात केली, आणि तो जिंकू लागताच पूर्वीची पद्धत मागे पडली. जे उपयोगी आहे ते मैदानातच सिद्ध व्हावे, त्याला नियमाने अडवू नये, ही श्रद्धा येथे रुजली, आणि पुढील सर्व वादांचे मूळही तिच्यातच आहे.

१९७५ साली झुरिक येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली व ती रे चॅपमन यांनी जिंकली. पुढच्याच वर्षी, मे १९७६ मध्ये, अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया येथे आंतरराष्ट्रीय व्यावहारिक नेमबाजी महासंघाची स्थापना होऊन कूपर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, शक्ती आणि वेग या तीन गुणांचा तोल हे महासंघाचे ब्रीद ठरले. त्यांपैकी शक्ती मोजण्याची जी रीत ठरली, ती विभागांच्या इतिहासात निर्णायक ठरल्याने थोडी विस्ताराने सांगावी लागते. गोळीचे ग्रेनमधील वजन आणि तिचा दर सेकंदाला फुटांतील वेग यांचा गुणाकार करून त्याला हजाराने भागले की जो आकडा येतो, त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. २३० ग्रेनची .४५ ची गोळी ८३० फूट वेगाने निघाली तर तो सुमारे १९१ येतो; १२४ ग्रेनची ९ मिलिमीटरची गोळी १०५० फूट वेगाने निघाली तर सुमारे १३०. वरची मर्यादा गाठणारे काडतूस मेजर आणि केवळ १२५ ची खालची मर्यादा ओलांडणारे मायनर मानले जाते. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावरील मध्यभागी, म्हणजे ए क्षेत्रात, लागलेल्या गोळीला दोघांनाही ५ गुण मिळतात. पण त्याबाहेरच्या सी क्षेत्रात मेजरला ४ आणि मायनरला ३, तर डी क्षेत्रात अनुक्रमे २ आणि १ गुण मिळतो. एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागून येणाऱ्या हिट फॅक्टरवर क्रम ठरतो. चोवीसपैकी अठरा गोळ्या ए मध्ये व सहा सी मध्ये लागल्या, तर मेजरचे ११४ आणि मायनरचे १०८ गुण होतात, आणि दोघांनाही १५ सेकंद लागले असतील तर हिट फॅक्टर ७.६ आणि ७.२ येतो. जोरदार काडतुसाचा धक्का सोसणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा, हा त्यामागचा न्याय होता.

या न्यायाला वळसा घालण्याची वाट १९८० च्या दशकात सापडली. मेजरची मर्यादा तेव्हा १७५ होती, आणि ११५ ग्रेनची हलकी गोळी सुमारे १५२० फूट वेगाने सोडली तरी ती गाठता येत होती. .३८ सुपर हे जुने काडतूस त्यासाठी योग्य ठरले. एवढ्या वेगासाठी त्यात दारू अधिक भरावी लागे, अधिक दारूपासून अधिक वायू निर्माण होई, आणि नळीच्या टोकावर बसवलेला कॉम्पेन्सेटर हा छिद्रांचा तुकडा तो वायू वरच्या दिशेने सोडून पिस्तुलाची उसळी दाबून टाकी. शिवाय सडपातळ काडतुसामुळे मॅगझिनमध्ये .४५ पेक्षा अधिक गोळ्या मावत. धक्क्याचा मोबदला घ्यायचा, पण धक्का मात्र सोसायचा नाही, अशी ही युक्ती होती. रॉब लेथम आणि ब्रायन ईनॉस या अ‍ॅरिझोनातील जोडीने अशी पिस्तुले आपलीशी केली, आणि जे तसे पिस्तूल घडवून घेऊ शकत नव्हते ते मागे पडू लागले. त्यानंतर आले दृष्टीचे साधन. पिस्तुलावरची मागची खाच, पुढचा उंचवटा आणि लक्ष्य या वेगवेगळ्या अंतरांवरच्या तीन वस्तू एका रेषेत आणण्याऐवजी काचेत दिसणारा एकच लाल ठिपका लक्ष्यावर ठेवणे पुरेसे झाले, आणि १९९० साली अ‍ॅडलेड येथील जागतिक स्पर्धा डग कोएनिग यांनी असा ठिपका बसवलेल्या पिस्तुलाने जिंकल्यावर साध्या पिस्तुलाला बरोबरीची संधी उरली नाही हे उघड झाले.

कूपर यांना हे वळण मुळीच रुचले नाही; कमरेला बाळगण्याजोग्या शस्त्राची परीक्षा घेण्यासाठी निघालेला खेळ केवळ खेळासाठीच घडवलेल्या शस्त्रांचा झाला, ही त्यांची खंत होती. ती खंत खरी होती, तरी ज्या मोकळिकीने वीव्हर यांना वाट दिली तिनेच कॉम्पेन्सेटरलाही दिली, हे मान्य करावे लागते. १९९० च्या दशकात यावर दोन उत्तरे निघाली. एक गट बाहेर पडला, आणि बिल विल्सन, केन हॅकथॉर्न, लॅरी विकर्स प्रभृतींनी १९९६ मध्ये संरक्षणात्मक पिस्तूल नेमबाजीची वेगळी संघटना उभारली. दुसरे उत्तर मूळ खेळाच्या आतच मिळाले, ते म्हणजे विभाग. सर्व साधने चालतील तो ओपन ठरला. ठिपका आणि कॉम्पेन्सेटर नाकारणारा विभाग अमेरिकेत लिमिटेड आणि अन्यत्र स्टँडर्ड म्हणून ओळखला जाऊ लागला. स्टँडर्डमधील पिस्तूल मॅगझिनसह २२५ × १५० × ४५ मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे असा दंडक आहे, आणि नियमांच्या सगळ्या जंजाळात इतका सुबोध दंडक दुसरा नाही. मात्र पेटीत मावणारे पिस्तूलही घडवणाऱ्याच्या हाती पडल्यावर महागच झाले. १९९० साली बाजारात आलेले .४० चे काडतूस आणि दोन रांगांत गोळ्या भरणारी रुंद मॅगझिने यांच्या जोडीने या विभागातही तीच शर्यत, थोड्या कमी वेगाने, पुन्हा सुरू झाली.

अमेरिकेतील १९९४ च्या कायद्याने दहापेक्षा अधिक गोळ्यांची नवी मॅगझिने सर्वसामान्यांसाठी बनवण्यास मनाई केली, तेव्हा तेथे दहा गोळ्यांच्या मर्यादेचा आणखी एक विभाग निघाला. तो कायदा २००४ मध्ये संपला, पण विभाग टिकला. याच काळात, २००० सालाच्या सुमारास, प्रॉडक्शन विभागाची कल्पना आकाराला आली. कारखान्यातून निघालेले व मान्य यादीत असलेले पिस्तूल, साधे होल्स्टर, आणि सर्वांना सरसकट मायनर गुणांकन, अशी त्याची मांडणी होती. गुणांकनाची ही अट विशेष दूरदृष्टीची म्हणावी लागेल, कारण जोरदार काडतुसाचा लाभच काढून घेतल्यावर बाजारात सहज मिळणारे ९ मिलिमीटरचे काडतूस सर्वांना पुरेसे ठरले आणि शर्यतीचे मुख्य इंधनच आटले. पुढे १९११ नमुन्याच्या एकेरी रांगेच्या पिस्तुलांसाठी क्लासिक आला, आणि २०१० च्या दशकाच्या मध्यानंतर, पिस्तुलाच्या सरकत्या भागावर बसणारे छोटे ठिपके कारखान्यांतूनच मिळू लागल्यावर, त्यांच्यासाठी कॅरी ऑप्टिक्स व प्रॉडक्शन ऑप्टिक्स हे विभाग निघाले. चाळिशीनंतर जवळचा उंचवटा धूसर दिसू लागलेल्या नेमबाजांची या विभागांनी मोठीच सोय केली.

नवख्याने प्रॉडक्शनपासून, आणि डोळे साथ देत नसतील तर ठिपक्याच्या त्याच्या भावंडापासून, सुरुवात करावी असे जे अनुभवी नेमबाज सांगतात, त्याला या इतिहासाचा भक्कम आधार आहे, कारण साधनाच्या खर्चाने निकाल ठरू नये या हेतूनेच हा विभाग घडवला गेला. येथे सी क्षेत्रात गेलेल्या प्रत्येक गोळीचे दोन गुण जात असल्याने अचूकतेची सवय पहिल्यापासूनच लागते. स्टँडर्ड किंवा ओपनचे आकर्षण स्वाभाविक आहे, त्यांचा वेग पाहण्यासारखा असतो, आणि ज्याला शस्त्राच्या यंत्ररचनेतच गोडी आहे त्याने तिकडे जरूर वळावे. परंतु घरी असलेले साधे पिस्तूल बाजूला सारून पहिल्याच हंगामासाठी महागडे पिस्तूल विकत घेणारा नेमबाज ज्या शर्यतीत शिरतो, तिने चाळीस वर्षांपूर्वी या खेळातील कितीतरी जणांना मागे टाकले होते.

निवड नोंदवल्यावर स्पर्धेत शस्त्रांची तपासणी होते आणि गोळ्यांचा वेग यंत्राने मोजला जातो. मेजर म्हणून नोंदवलेले काडतूस कमी पडल्यास त्याचे गुण मायनरप्रमाणे धरले जातात, आणि मायनरचीही मर्यादा न गाठणाऱ्याला गुणच मिळत नाहीत. ज्याचे शस्त्र वा साधन नोंदवलेल्या विभागाच्या नियमांत बसत नाही, त्याला, स्पर्धेत ओपन विभाग असेल तर, ओपनमध्ये टाकले जाते, म्हणजे जेथे कूपर यांच्या काळी सगळेच एकत्र उभे होते त्या अनिर्बंध मैदानात.