रिकाम्या पोटीच्या गोळीचा इतिहास

आम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण देणारा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचा असला, तरी जळजळ असो वा नसो, रोज सकाळी रिकाम्या पोटी गोळी घेण्याची प्रथा मात्र जेमतेम तीन दशकांची आहे. तत्पूर्वी खाण्याचा सोडा, आवळा किंवा थंड दूध असे उपाय त्रासापुरते केले जात आणि त्रास शमला की तेही थांबत.

1976 मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडिन विक्रीस आले आणि झालेले आम्ल निष्प्रभ करण्याऐवजी त्याची निर्मितीच रोखण्याचे युग सुरू झाले. या संशोधनातील वाट्याबद्दल जेम्स ब्लॅक यांना 1988 मध्ये नोबेल पारितोषिक लाभले. त्याच वर्षी ॲस्ट्रा या स्वीडिश कंपनीचे ओमेप्रॅझोल बाजारात आले, जे जठराच्या पेशींतून आम्ल बाहेर टाकणारा ‘प्रोटॉन पंप’ बंद करते. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्यानुसार त्या काळी औषधाच्या रेणूला नव्हे, तर केवळ ते बनवण्याच्या पद्धतीला संरक्षण असल्याने देशी कंपन्यांनी ओमेप्रॅझोल आणि पुढे त्याच गटातले पॅन्टोप्रॅझोल स्वस्तात तयार केले. गंमत अशी की बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांच्या शोधामुळे बहुतांश जठरव्रणांमागे जिवाणू असतो आणि प्रतिजैविकांच्या अल्पकाळच्या उपचाराने तो जातो हे तोवर उघड होऊ लागले होते. दीर्घ उपचाराचे मुख्य कारणच विरळ होत गेले, गोळी मात्र अधिकाधिक रूढ होत गेली.

ती कशी रूढ होते, यासाठी एका गावाचे उदाहरण घेऊ. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोसा रेशमाच्या हातमागाचे गाव आहे. मागावर तासन्‌तास बसून कंबर धरणाऱ्या वयस्क विणकराला वेदनाशामक औषधासोबत ‘गॅसची गोळी’ देणे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच ठरते, कारण अशी अनेक औषधे जठराच्या अस्तराला इजा करतात. परंतु वेदनाशामक थांबल्यावर सोबतच्या गोळीचे प्रयोजन कोणी विचारले नाही, तर ती जुन्या चिठ्ठीच्या आधारे वर्षानुवर्षे चालू राहू शकते. ती निरुपद्रवी असल्याचा समजही पूर्णतः खरा नाही: दीर्घकाळ वापराने शरीरातील मॅग्नेशियम व ब-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते.

ती एकाएकी बंद करणे हाही उपाय नव्हे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना आठ आठवडे असे औषध देऊन थांबवले असता अनेकांना नव्यानेच जळजळ जाणवू लागली, कारण दडपलेले आम्ल काही काळ अधिक जोराने स्रवते. रुग्णाला हे आधी सांगितले नसेल, तर ‘गोळीवाचून चालत नाही’ असाच निष्कर्ष तो काढणार. 2017 च्या कॅनडातील मार्गदर्शिकेने सौम्य तक्रार शमलेल्या प्रौढांसाठी मात्रा घटवणे, थांबवणे किंवा गरजेपुरती घेणे हे पर्याय ठेवले आणि निवडीत रुग्णाचे मत महत्त्वाचे मानले. पूर्वी रक्तस्राव झालेला जठरव्रण असणाऱ्यांसाठी किंवा वेदनाशामकांवाचून ज्यांना गत्यंतर नाही अशा वृद्धांसाठी मात्र गोळी चालू ठेवणेच सहसा श्रेयस्कर ठरते, आणि त्याचे कारणही त्यांना तितक्याच स्पष्टपणे समजावून द्यावे लागते.