टपालाने शिकलेल्या बालवाडीच्या बाई

इथे नर्सरीत नोकरी मिळावी म्हणून घरबसल्या ‘लेव्हल थ्री’चा कोर्स करणाऱ्या आपल्यातही बऱ्याच जणी आहेत. मुलं झोपली की लॅपटॉप उघडायचा आणि असाइनमेंट पुरी करायची. ‘लहान मुलांना शिकवणं असं पत्रोपत्री येतं का हो?’ हा प्रश्न त्यांना हमखास ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे, पण नवा नाही. आपल्या आज्यांच्या काळापासून तो चालत आलाय.

मराठीपुरतं बोलायचं तर सुरुवात ताराबाई मोडकांपासून करावी लागते. राजकोटला बार्टन फीमेल कॉलेजच्या प्रिन्सिपॉल असलेल्या ताराबाई ती मानाची नोकरी सोडून १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. त्यांनी १९२० मध्ये तिथे बालमंदिर काढलं होतं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मुलं मारून नव्हे तर स्वतः हाताळून शिकतात, हे या मंडळींना पटलं होतं. पण ते पटवायचं कुणाला आणि कसं? भावनगरला राहून शिकायला किती जणी येणार? सासर, मुलंबाळं, पैसा, सगळंच आडवं यायचं.

म्हणून मासिक. गिजुभाईंची ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत होतीच. १९३३ पासून ती ताराबाईंनी मराठीत चालवली. पालक आणि शिक्षक दोघांसाठी. सर्टिफिकेट नाही, परीक्षा नाही, फक्त दर महिन्याला टपालाने येणारा अंक. दूरशिक्षण हा शब्दही तेव्हा नव्हता, पण मी तरी त्याला दूरशिक्षणच म्हणेन. वाचणाऱ्या बाईच्या घरात एखादं तीन-चार वर्षांचं पोर असायचंच, म्हणजे प्रयोगशाळा तयार!

मादाम मॉंटेसरींचा कल मात्र उलटा. त्या १९३९ मध्ये अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत हिंदुस्थानातच अडकल्या. इटलीने युद्धात उडी घेतल्यावर इंग्रज सरकारने त्यांचे चिरंजीव मारिओ यांना स्थानबद्ध केलं आणि बाईंच्या हिंडण्याफिरण्यावर बंधनं घातली. ३१ ऑगस्ट १९४० ला, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, मारिओंना सोडलं. त्यांचं प्रशिक्षण समोर बसून घ्यायचं. साधनं हातात धरायची, मुलांकडे तासन् तास बघायचं. आपली पद्धत कोण शिकवणार यावर त्यांची कडक नजर असे. गंमत म्हणजे पुढे लंडनच्याच सेंट निकोलस ट्रेनिंग सेंटरने मॉंटेसरीचे धडे टपालाने जगभर पाठवले.

ताराबाईंना मॉंटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत हे दिसत होतं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तर बालवाडी त्यांच्याच अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. १९५७ मध्ये काम कोसबादला हललं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. वारली पाड्यावर बसून शिकलेली गोष्ट मासिकातून शिकता आली असती, असं मला नाही वाटत.

आता इकडचं बघा. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बेल टुटेव्ह या लंडनच्या आईने ‘गार्डियन’ला पत्र लिहिलं. सरकारी नर्सरी मिळत नाही, तर आपण आयांनीच मिळून प्लेग्रुप काढू या. त्यातून प्री-स्कूल प्लेग्रुप्स असोसिएशन उभी राहिली. चर्चच्या हॉलमध्ये, मुलांना सांभाळता सांभाळता या बायका शिकल्या. १९७१ मध्ये ओपन युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी शिकू लागले आणि १९७७ मध्ये तिने ‘द फर्स्ट इयर्स ऑफ लाइफ’ हा छोटा कोर्स काढला. तो पदवीसाठी नव्हता, साध्या आईबापांसाठी होता. मला तो ‘शिक्षणपत्रिके’चा चुलतभाऊ वाटतो.

भारतात इग्नू १९८५ मध्ये निघालं. त्यांच्या बालशिक्षणाच्या डिप्लोमात पुस्तकं घरी येतात, पण प्रोजेक्टसाठी प्रत्यक्ष मुलांबरोबर काम करावंच लागतं. हा भाग कंटाळवाणा म्हणून टाळायला बघणारे असतात, आणि तो भरून देणारेही भेटतात म्हणे! त्या बाईच्या हाती उद्या वीस पोरं येणार असतात, एवढंच सांगते.

इथल्या लेव्हल थ्रीतही तेच. थिअरी घरी बसून होते, पण प्लेसमेंटच्या दिवशी असेसर नर्सरीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसते आणि रडणाऱ्या पोराशी आपण काय बोलतो, हे वहीत टिपून घेते.