काचेपासून जेलपर्यंत

औंध म्हटलं की यमाईचा डोंगर आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं चित्रसंग्रहालय आठवतं. पण मंडळी, या छोट्या संस्थानाने कारखानेही उभे करू दिले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा मिळाली ती औंधकरांकडून. १९१६ साली कराडजवळ ओगल्यांचा काचकारखाना निघाला तोही त्यांच्याच पाठबळावर. 'प्रभाकर' कंदील तिथलाच.

कंदिलाच्या काचेचं दुखणं एकच. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की तडा! काच कठीण असते, चिवट नसते. कठीण म्हणजे सहज ओरखडा न पडणारी, चिवट म्हणजे पडलेली चीर पुढे जाऊ न देणारी.

गंमत म्हणजे साधी काच खूप तापवली की तिच्यातून वीज वाहू लागते. ती वाहून नेतात सोडियमचे आयन. म्हणजे पारदर्शकपणा आहे, आयन वाहतात, फक्त चिवटपणा नाही. वाकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना हे तिन्ही गुण एकत्र हवे असतात, आणि तेही साध्या तापमानाला.

इथे जेल कामाला येतं (तुरुंग नव्हे!). जेल म्हणजे लांब रेणूंच्या जाळ्यात अडकलेलं पाणी. त्यात मीठ घातलं की आयन फिरू लागतात. पण चायना ग्रासची वडी आठवा, दाबली की तुकडे. जपानमध्ये जियान पिंग गोंग यांच्या गटाने २००३ साली ताठ आणि लवचीक अशी दोन जाळी एकमेकांत गुंफली. ताण आला की ताठ जाळं जागोजाग तुटतं, त्यात ऊर्जा खर्च होते आणि चीर अडते. २०१२ साली हार्वर्डच्या झिगांग सुओ यांच्या गटाने वीसपट ताणलं जाणारं जेल केलं. त्यात सुमारे ९० टक्के पाणी! २०१३ मध्ये तिथेच खारट पारदर्शक जेल वापरून चक्क आरपार दिसणारा स्पीकर वाजवला. पाणी सुकण्याची अडचण होतीच, म्हणून आता पाण्याऐवजी न उडणारे द्रवरूप क्षारही वापरतात.

थोडं तुटू द्यायचं आणि बाकीचं वाचवायचं, एवढंच चिवटपणाचं रहस्य. नव्या उद्योगांचंही तसंच नाही का? काच करायला शिकायचं तर आधी पुष्कळ फुटणारच. ती फूट सोसायला औंधच्या राजाने जागा दिली. संस्थान १९४८ साली विलीन झालं, ओगल्यांचा कारखानाही बंद पडला. पण अशी जेलं आपल्याकडे बनायची असतील तर फुटलेल्या काचा न मोजणारा कुणीतरी आजही लागेल. तुम्हाला काय वाटतं?