पॅकेजांच्या परस्परावलंबनाचा अभ्यास : प्रस्तावना

डेबियनच्या यंत्रावर पोस्टफिक्स हा टपालाचा प्रोग्रॅम चालू असताना एक्झिम हा दुसरा बसवायला सांगितले, की पॅकेजे बसवणारी एपीटी आधी हिशेब मांडते: एक्झिम येईल, पोस्टफिक्स जाईल, पुढे जायचे का? नवख्याला ही अरेरावी वाटते. दोन्ही प्रोग्रॅम फुकट, डिस्कवर जागा भरपूर, मग दोन्ही का नकोत? उत्तर दोन्ही पॅकेजांच्या माहितीपत्रात लिहिलेले असते. 'मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट' हे काम मी पुरवतो, असे दोघेही जाहीर करतात. आणि तेच काम करणारे दुसरे कोणी असेल तर माझे त्याच्याशी जमणार नाही, हेही जाहीर करतात. दोघांनाही 'सेंडमेल' याच नावाची फाइल आपली हवी असते आणि 25 क्रमांकाच्या पोर्टवर टपाल स्वीकारायचे असते. एपीटी भांडण लावत नाही. आधीपासून असलेले भांडण ती वाचून दाखवते.

या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने एवढे एक मनाशी धरावे: 'डिपेंडन्सी जुळत नाहीत' हा संदेश म्हणजे माणसांनी लिहिलेल्या, एकमेकींत न बसणाऱ्या विधानांचा अहवाल असतो. तो सक्तीचा पर्याय वापरून दडपण्याऐवजी वाचायला शिकणे, हाच या अभ्यासाचा गाभा.

इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट 1993 मध्ये डेबियनची घोषणा केली. विखुरलेल्या स्वयंसेवकांनी आपापले पॅकेज सांभाळायचे आणि तरीही सगळे मिळून एक प्रणाली उभी राहायची, तर प्रत्येकाने आपल्या गरजा लिहून देणे भाग होते. एकेक पॅकेज बसवणारी डीपीकेजी या गरजा तपासते, पण उपाय शोधत नाही; अमुक नाही म्हणून तमुक बसणार नाही, एवढे सांगून थांबते. जे नाही ते कुठून आणायचे, कोणत्या आवृत्तीचे, कोणत्या क्रमाने, हे ठरवणारी एपीटी 1999 साली डेबियन 2.1 बरोबर आली.

हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. 'क'ला 'ख' किंवा 'ग' चालतो, 'ख'ला 'घ'ची नवी आवृत्ती लागते, 'ग'ला जुनी, आणि एका वेळी एकच आवृत्ती बसते. कॉलेजचे वेळापत्रक लावणाऱ्या प्राध्यापकाला हे दुखणे ओळखीचे वाटेल. प्रत्येक आवृत्ती 'आहे' किंवा 'नाही' मानली, की हा प्रश्न थेट तर्कशास्त्रातल्या सॅट प्रश्नात, म्हणजे सगळ्या अटी एकदम खऱ्या करता येतील का या प्रश्नात, उतरतो. तो एनपी-पूर्ण असल्याचे स्टीफन कुक यांनी 1971 मध्ये दाखवले होते. रोबेर्तो दि कॉस्मो आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी 2006 मध्ये पॅकेजांचा प्रश्नही त्याच जातीचा असल्याचे मांडले. लगेच 2008 मध्ये ओपनसूझे 11.0 ने सॅट पद्धतीचा सॉल्व्हर वापरात आणला. फेडोराची डीएनएफही त्याच सॉल्व्हरमधून आलेल्या लिबसॉल्व्हवर चालते. एवढा कठीण प्रश्न आपल्या यंत्रावर क्षणात सुटतो, याचे श्रेय सॉल्व्हरइतकेच पॅकेजांची भांडारे नीटनेटकी ठेवणाऱ्या माणसांनाही द्यावे, असे मला वाटते.

त्या माणसांचे काम किती बारकाईचे असते, ते 2024 च्या एका स्थलांतरात दिसले. 1970 पासूनचे सेकंद 32 बिटांत मोजणारी घड्याळे 19 जानेवारी 2038 रोजी भरून जाणार. म्हणून डेबियनने एआरएमसारख्या 32-बिट यंत्रांवर काळाचे माप 64 बिटांचे केले. पण माप बदलले की जुना प्रोग्रॅम आणि नवी लायब्ररी यांचे बोलणे बिघडते, तेही चूक न दाखवता. हा घोटाळा टाळायला शेकडो लायब्रऱ्यांच्या पॅकेजांची नावेच बदलली: 'लिबएसएसएल3'चे 'लिबएसएसएल3टी64' झाले. फाइलींची नावे तीच राहिल्याने नवे पॅकेज जुन्याला हटवूनच बसे. 64-बिट यंत्रांवर काहीच बिघडणार नव्हते, म्हणून तिथे नवे पॅकेज जुन्या नावालाही ओ देई. मधल्या काळात अनस्टेबल शाखेवर अपग्रेड करायला गेलेल्यांना मोठमोठी पॅकेजे काढून टाकण्याचे प्रस्ताव दिसत. तेव्हा योग्य उपाय होता थांबणे: बाकीची पॅकेजे नव्याने बांधली जाईपर्यंत काही न करणे. हा निर्णय कोणताही सॉल्व्हर देत नाही, कारण उद्या भांडारात काय येणार हे त्याला दिसत नाही.

दुसरी एक विचारधारा टक्करच होऊ नये म्हणते. एल्को डोल्स्ट्रा यांच्या 2006 च्या उत्रेख्त येथील प्रबंधात मांडलेली निक्सची रचना प्रत्येक बांधणीला स्वतंत्र पत्ता देते, त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या सुखाने शेजारी राहतात. ही कल्पना मोलाची आहे. पण 25 क्रमांकाचे पोर्ट तरीही एकच राहते.

सर्वांत कमी लक्ष गेले ते कारण सांगण्याकडे. उत्तर नसेल तर का नाही, हे माणसाला कळेल असे सांगणारा पबग्रब हा अल्गोरिदम नॅटली वायझेनबॉम यांनी डार्ट भाषेसाठी रचून 2018 मध्ये मांडला. नव्या अभ्यासकांनी हात घालावा अशी बरीच जमीन इथे मोकळी आहे, आणि त्यासाठी गणिताइतकीच भाषेची जाण लागते.

सुरुवातीला डेबियन पॉलिसीचे सातवे प्रकरण वाचावे. 'डिपेंड्स', 'ब्रेक्स', 'कॉन्फ्लिक्ट्स', 'प्रोव्हाइड्स' यांचे नेमके अर्थ तिथे आहेत. विशेषतः 'ब्रेक्स' आणि 'कॉन्फ्लिक्ट्स' यांतला फरक दोनदा वाचावा. मग 'एपीटी-गेट'ला '-एस' हा पर्याय देऊन एखादा मोठा बदल करून पाहावा. ही नुसती तालीम असते; यंत्रावर काहीही बदलत नाही. समोर येणाऱ्या यादीतली 'रेम्व्ह' असा शेरा असलेली प्रत्येक ओळ घ्यावी आणि ती कोणाच्या कोणत्या विधानामुळे आली, ते 'ॲप्टिट्यूड'च्या 'व्हाय-नॉट' या आज्ञेने शोधून काढावे.