महाडिक, कर्नल संतोष

महाडिक, कर्नल संतोष यशवंत : (१५ जानेवारी १९७७ – १७ नोव्हेंबर २०१५). भारतीय भूसेनेतील अधिकारी, ४१ राष्ट्रीय रायफल्स या बटालियनचे कमांडिंग ऑफिसर आणि शौर्यचक्राचे (मरणोत्तर) मानकरी. जम्मू-काश्मीरमधील कुपवाडा जिल्ह्यात दहशतवाद्यांविरुद्धच्या शोधमोहिमेचे नेतृत्व करताना त्यांना वीरमरण आले.

जन्म सातारा जिल्ह्यातील पोगरवाडी येथे, शेतकरी कुटुंबात. मूळचे घराणे घोरपडे. आजोळी दत्तक गेल्यामुळे ते महाडिक झाले. शिक्षण सातारच्या सैनिक स्कूलमध्ये. १९६१ साली सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिकी शाळा होय. फुटबॉलच्या संघात ते गोलरक्षक होते; मुष्टियुद्ध आणि घोडेस्वारी यांचीही त्यांना मनापासून आवड होती.

सैन्यात आल्यावर ते २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) या निवडक बटालियनमध्ये दाखल झाले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या २१व्या बटालियनचे रूपांतर होऊन ही बटालियन तयार झाली असून ती ‘वाघनख’ या नावाने ओळखली जाते. ईशान्य भारतातील ऑपरेशन ऱ्हायनोमध्ये दाखवलेल्या शौर्याबद्दल २००३ साली महाडिक यांना सेनापदक मिळाले. जंगलातली दीर्घ गस्त, थोड्या माणसांनिशी करावयाची कारवाई आणि गावकऱ्यांत मिसळलेल्या शत्रूचा शोध या कामांत ते सेवेच्या पहिल्याच वर्षांत मुरले.

पुढे त्यांच्याकडे कुपवाड्यातील ४१ राष्ट्रीय रायफल्सची सूत्रे आली. बंडखोरीविरोधी कारवाईसाठी १९९०च्या सुमारास उभारलेल्या या दलात जवान व अधिकारी आपापल्या मूळ रेजिमेंटमधून ठरावीक मुदतीसाठी येतात. ४१व्या बटालियनचे नाते मराठा लाइट इन्फन्ट्रीशी असल्याने तिच्यात मराठी जवानांचा भरणा मोठा असतो. कुपवाडा जिल्हा नियंत्रण रेषेला लागून आहे. घुसखोरांच्या वाटा तेथील देवदार-कैलच्या दाट रानांतून काश्मीर खोऱ्यात उतरतात आणि हिवाळ्यात बर्फाने खिंडी बंद होण्यापूर्वी त्यांवर वर्दळ वाढते. अशा भागात कमांडिंग ऑफिसरला रानात शत्रू शोधावा लागतो आणि त्याच वेळी गावात विश्वासही कमवावा लागतो. लोकांनी पाठ फिरवली की खबर मिळत नाही आणि खबरीवाचून मोहीम आंधळी होते. महाडिक यांनी दोन्ही जबाबदाऱ्या सारख्याच निष्ठेने पेलल्या. स्थानिक तरुणांना खेळ आणि शिक्षणाकडे वळवण्यासाठी ते झटले.

नोव्हेंबर २०१५च्या मध्यास मणिगाह परिसरातील हाजीनाका जंगलात दहशतवाद्यांशी गाठ पडली आणि लष्कराने वेढा आवळून शोध सुरू केला. अशा शोधात जवानांची रांग झाडी, घळी आणि शिळा एकेक करून तपासत पुढे सरकते. दाट रानात पुढची नजर काही पावलांवर थांबते. दबा धरून बसलेल्याला येणारा आधी दिसतो, म्हणून पहिली गोळी बहुधा त्याचीच सुटते. बटालियनचा प्रमुख मागच्या ठाण्यावरूनही सूत्रे हलवू शकतो. महाडिक मात्र आपल्या जवानांबरोबर आघाडीवर राहिले. १७ नोव्हेंबर रोजी झालेल्या गोळीबारात ते गंभीर जखमी झाले. त्यांना लष्करी रुग्णालयात हलवण्यात आले, पण त्यांचा प्राण वाचला नाही. वय अवघे अडतीस. त्याच वर्षी २७ जानेवारीला त्राल येथे ४२ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख कर्नल एम. एन. राय यांनाही वीरमरण आले होते. एकाच वर्षात दोन बटालियनप्रमुख पडावेत, यावरून या मोहिमांत अधिकारी कोठे उभे असतात ते कळते. हुकूम देणारा स्वतः धोक्यात उभा असला म्हणजे जवानांना त्या हुकमाबद्दल शंका उरत नाही. महाडिक यांच्या नेतृत्वाचे मोल यातच आहे.

पोगरवाडीत लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्या वेळी उपस्थित होते आणि पंचक्रोशीतून प्रचंड जनसमुदाय लोटला होता. २०१६च्या प्रजासत्ताकदिनी महाडिक यांना मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झाले. रणांगणाबाहेरच्या शौर्याबद्दल दिल्या जाणाऱ्या सन्मानांत अशोकचक्र व कीर्तिचक्र यांच्यानंतर त्याचे स्थान आहे. घोषित युद्ध नसल्याने बंडखोरीविरोधी कारवाईतील पराक्रमाची दखल याच सन्मानांद्वारे घेतली जाते.

वर्दी आणि पलटण हेच पतीचे पहिले प्रेम होते, म्हणून आपणही ती वर्दी चढवणार, असा निर्धार वीरपत्नी स्वाती महाडिक यांनी केला. त्या पेशाने शिक्षिका होत्या, पदरी दोन मुले होती आणि प्रवेशाची वयोमर्यादा उलटली होती. तेवढ्यापुरती सवलत मिळाली. निवडीची परीक्षा मात्र त्यांनी इतरांसारखीच दिली. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत वयाने कितीतरी लहान उमेदवारांच्या बरोबरीने त्यांनी सुमारे अकरा महिन्यांचे खडतर प्रशिक्षण पुरे केले. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या आणि पलटणींना शस्त्रे, दारूगोळा व साहित्य पुरवणाऱ्या आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये रुजू झाल्या.